उसाखालचा विमानतळ

निवृत्तीनंतर मी दौंड तालुक्यातल्या आमच्या गावी राहायला आले आणि थोड्याच दिवसांत आप्पा स्वतः चालत आमच्या बुद्धवाड्यात आले. आप्पा म्हणजे माजी सभापती, दोन विहिरींचे बागायतदार. माझ्या लहानपणी ते मला 'ए पोरी' म्हणायचे आणि त्यांच्या ओट्याखालूनच माघारी पाठवायचे. आता म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडं काम हाय."

माझी सगळी नोकरी नकाशांच्या कचेरीत, विमानातून काढलेले फोटो वाचण्यात गेली. हे आप्पांना कुणीतरी सांगितलं होतं. दुसऱ्या महायुद्धात आमच्या माळावर विमानं उतरायची, हे गावात सगळ्यांनाच ऐकून माहीत. आज तिथं एक वीट शिल्लक नाही. आप्पांनी युद्धानंतर लगेच घेतलेल्या हवाई फोटोंच्या प्रती मिळवल्या होत्या आणि दौंड-शिरूरच्या चार पुढाऱ्यांना धरून एक वारसा समिती काढली होती. इतिहासाचं एक पुस्तकही यातल्या कुणी उघडलं असेल, असं मला वाटत नाही.

"विमानं लपवायचे बांध कुठं हुते, तेवढी खूण करून द्या," आप्पा म्हणाले. "म्हंजी आम्हाला ठाऊकच हाय. तुमच्या मसनवट्यातला उंचवटा. तुम्ही निस्ती सही करा."

आमच्या स्मशानभूमीला हायवेची बाजू आहे. तिथं कुंपण घालून युद्धातल्या हुतात्म्यांचं स्मारक, पुढं पार्किंग, कडेला गाळे, असा त्यांचा बेत होता. प्रेतं कुठं न्यायची, हे मी विचारलं तर म्हणाले, "तुम्हाला नदीकडं देऊ की जागा."

मी फोटो ठेवून घेतले. माझ्याकडे जुना स्टिरिओस्कोप आहे, चार पायांवर उभी राहणारी दोन भिंगं. शेजारशेजारचे दोन फोटो त्याखाली नीट लावले की सपाट कागदातून जमीन वर येते. झाडं उभी राहतात, विहिरी खोल जातात. धावपट्टी लगेच दिसली, कोऱ्या कापडावर इस्त्री फिरवल्यासारखी. तिच्या बाजूला घोड्याच्या नालाच्या आकाराचे मातीचे तीन उंच बांध होते, एकीकडून उघडे, सावल्या एकाच दिशेला पडलेल्या. बॉम्ब पडला तर विमान वाचावं म्हणून असे बांध घालत. ओढा आणि विहीर धरून आजच्या नकाशावर जागा लावली. तिन्ही बांध आप्पांच्या आजच्या उसात येत होते.

आमच्या स्मशानात मात्र काहीच नव्हतं. सपाट जमीन, एक बाभूळ. तो उंचवटा मला ठाऊक होता. पुढं दुष्काळात रोजगार हमीवर पाझर तलाव खणला, त्याची माती तिथं पडली. माझी आई ती माती वाहायची आणि मी त्याच बाभळीखाली धाकट्या भावाला सांभाळत बसायचे.

समितीची बैठक शिरूरला एका मंगल कार्यालयात होती. प्रत्येकाच्या गळ्यात उपरणं, आणि लढाईविषयी जो तो आपल्या आजोबांचा पराक्रम सांगत होता. त्या आजोबांपैकी निम्म्यांनी त्या वेळी सरकारला कडबा विकला असेल. माझी पाळी आली तेव्हा मी फोटो पडद्यावर लावले आणि बांध दाखवले.

"हे कुणाचं वावर?" कुणीतरी विचारलं.

"आप्पांचं," मी म्हणाले. "बांध मोडून जमीन सपाट केलीय. स्मारक करायचं तर खरी जागा ती आहे."

आप्पा उठून पडद्याजवळ गेले. मग म्हणाले, "फोटू लई जुना हाय. त्यात चूक असंल."

"फोटोत ऊस नाही, एवढीच चूक आहे."

चहा आला. आप्पा म्हणाले, बागायत जमिनीत लोकांची ये-जा परवडत न्हाई, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. हुतात्म्यांच्या स्मृतीसाठी अर्धा गुंठासुद्धा ऊस मोडायची कुणाची तयारी नव्हती.

माझ्या सहीशिवाय स्मशानाचा बेत बारगळला आणि शेवटी समितीचं स्मारक म्हणून यवतच्या बाजूला, एका ढाब्यासमोर, सिमेंटचं विमान उभं राहिलं. करणारा कारागीर देवळांच्या कळसाचा. त्यानं प्रवासी विमान केलं, ओळीनं खिडक्या असलेलं, आणि शेपटीवर तिरंगा रंगवला. उद्घाटनाला मला बोलावलं होतं. मी गेले नाही. येणारे-जाणारे तिथं फोटो काढतात आणि मिसळ खातात.

आमच्या वाड्यातल्या लोकांनी मग उशीर केला नाही. वर्गणी काढून स्मशानात पत्र्याची शेड घातली, सातबाऱ्यावरची नोंद तलाठ्याकडून नीट करून घेतली.

गेल्या महिन्यात माझी चुलती गेली. बुद्धवंदना झाली, अग्नी दिला, लोक पांगायला लागले. आप्पा आले होते. त्यांनी मला बाजूला घेतलं. वाटलं, दोन शब्द सांत्वनाचे बोलतील.

"मॅडम, धाकल्या भावाबरं वावराच्या बांधाचं भांडान चाललंय," ते हळूच म्हणाले. "त्या फोटूत आमचा जुना बांध दिसंल का?"

मागं चिता अजून पेटलेली होती.

"दिसेल," मी म्हणाले. "पण मी बघणार नाही."

ते गाडीकडे गेले. मी चुलतभावाजवळ जाऊन बसले.