मे महिन्यातली ओल

बल्लारपुरात मे महिन्यात कुणाला सांगून बघा, की माझ्या घराला ओल आली आहे. समोरचा आधी तुम्हाला ऊन तर लागलं नाही ना ते बघतो. मी एका आठवड्यात सात-आठ जणांना सांगितलं. कुणी कैरीचं पन्हं प्यायला सांगितलं, कुणी कांदा जवळ ठेवायला. दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने तर माझ्याकडूनच इलेक्ट्रॉलचं पाकीट घेतलं आणि माझ्याच हातात ठेवलं. आजही ते आठवलं की मला हसू येत नाही, रागच येतो.

मी औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. राहायला एकटी, दोन खोल्या भाड्याने. घरमालक कोळसा खाणीतून निवृत्त झालेले. त्यांना मी भाऊ म्हणते, त्यांच्या बायकोला बाई. माझी मागची खोली आणि त्यांचा हॉल यांच्यामध्ये जेमतेम दोन हात रुंदीची बोळ आहे. त्या बोळीत विटांच्या ओट्यावर त्यांचा पत्र्याचा भला मोठा कूलर बसवलेला. तोंड त्यांच्या खिडकीत, पाठ माझ्या भिंतीकडे. भाऊ दुपारी कूलरच्या टाकीत नळी सोडायचे आणि झोपायचे. टाकी भरून वाहायची, पाणी बोळीतच तुंबायचं, कारण घर बांधताना बोळीला उतार द्यायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. जिल्ह्यात सिमेंटचे एवढे कारखाने, पण त्या बोळीच्या वाट्याला दोन पाट्या सिमेंट आलं नाही.

आता खरं सांगायचं तर उन्हाळ्यात ती भिंत माझा जीव की प्राण होती. खोलीची पश्चिमेकडची भिंत संध्याकाळी हात लावू देत नसे. फळीवर उभी ठेवलेली मेणबत्ती वाकून आडवी व्हायची. कूलरकडची भिंत मात्र गार. दुकानातून आले की मी तिला पाठ टेकून बसायची आणि चहासुद्धा तिथेच प्यायची. त्या गारव्याचं कारण काय, हा प्रश्न मला कधीच पडला नाही. फुकटात मिळणाऱ्या गारव्याची चंद्रपूर जिल्ह्यात कोण चौकशी करतो? एकदा कूलरची मोटर जळली आणि तो तीन दिवस बंद होता, तेव्हा तिसऱ्या दिवशी मीच विचारलं, "भाऊ, कूलर कवा सुरू करता जी?"

त्याच भिंतीला लागून माझी पत्र्याची पेटी होती, आणि पेटीत आमचे कागद.

आमचं गाव जिवतीकडे, डोंगरात. तिथे जंगलाला लागून आमचा एक तुकडा आहे. आजोबांनी तो कसला, मग बाबांनी, आता दादा त्यात कापूस आणि तूर घेतो. पण सातबारा आमच्या नावावर नाही. वनहक्काचा पट्टा मिळावा म्हणून दादाने दावा केलेला. आम्ही आदिवासी नाही, त्यामुळे तीन पिढ्यांचा पुरावा लागतो. आमच्याकडे पुरावा म्हणून होत्या त्या तीन दंडाच्या पावत्या. जंगलात नांगर घातला म्हणून आजोबांना झालेला दंड, आणि त्याच गुन्ह्यासाठी बाबांना दोनदा झालेला. ज्या कागदांची घरात लाज वाटायची, तेच आता सांगत होते की ही माणसं इथे होती.

बाबांनी त्या पावत्या गुंडाळी करून बांबूच्या नळीत घातल्या होत्या आणि नळी चुलीच्या वर, आढ्याला टांगली होती. धूर लागला की कीड लागत नाही, ओल धरत नाही. आमच्याकडे बियाणंही तसंच टांगतात. बाबा गेले, घरात गॅस आला, चूल अंगणात गेली. मग दादाला उधईची, म्हणजे वाळवीची, धास्ती वाटू लागली. तो नळी घेऊन माझ्याकडे आला. "तुह्याकडे पक्कं घर हाय," म्हणाला. "साहेब जागा पाहाले आले, मोका चौकशी झाली का घेऊन जाईन."

मी शहाणी. नळी उघडून बघितली तर कागद घडीवर तडकायला लागलेले, धुराने पिवळे पडलेले. म्हटलं, ही काय अडाण्यासारखी ठेवायची रीत! मी ते हलक्या हाताने सपाट केले, बाबांच्या धोतराच्या स्वच्छ तुकड्यात गुंडाळले आणि पेटीच्या तळाशी ठेवले. उन्हाने आणखी तडकू नयेत म्हणून पेटी पश्चिमेच्या भिंतीपासून उचलली आणि गार भिंतीला लावली. दिवसभर माझ्या हातातून जी खोकी जातात त्यांच्यावर लिहिलेलं असतं, थंड व कोरड्या जागी ठेवा. मी थंड तेवढं वाचलं.

मेच्या मध्यात दादाचा फोन आला. दाव्याला जोडलेल्या झेरॉक्सवर फक्त शिक्का उमटला होता, शाई फिकी म्हणून बाकी पांढरंच, तेव्हा वनहक्काच्या ऑफिसने मूळ कागद मागितले होते. पुढच्या आठवड्यातली तारीख. मी फोन कानाला धरूनच पेटी ओढली. ती सरकेना. तळ गंजून फरशीला चिकटला होता. जोर लावला तेव्हा मागचा पत्रा भुगा होऊन भिंतीलाच राहिला. वरचे कपडे ठीक होते, नुसता कुबट वास. खालच्या साड्यांवर काळे ठिपके. आणि तळाशी धोतराचा तो तुकडा, ओला गच्च. तो उलगडताना कागद त्याच्याबरोबर सुटून आला. बल्लारपुरात कागदाचा कारखाना आहे, तिथे बांबूचा लगदा करून कागद काढतात. माझ्या खोलीत कागदाचा पुन्हा लगदा झाला होता. निळी शाई सगळीकडे पसरलेली, एक अक्षर वाचता येईना.

"दादा, मी मग फोन करते," एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला.

तिथून जो माझा संताप सुरू झाला तो थांबेना. मी थेट भाऊंच्या हॉलमध्ये गेले.

"बेटा, मे महिना हाय," भाऊ म्हणाले. "नदीत पानी नाई, नळाले पानी नाई, अन् तुह्या भिताडाले कुठून येईन?"

मी त्यांचा हात धरून त्यांना खोलीत आणलं आणि पेटीमागच्या भिंतीवर तो हात ठेवला. पोपडा त्यांच्या तळहातावर आला.

"घर जुनं हाय," ते म्हणाले. "अन् पेटी भिताडाले चिपकवून कायले ठेवली? बोटभर जागा सोडा लागते."

तेवढ्यात बाईही आल्या. "तूच तं म्हने व, तुमच्या कूलरनं माह्या खोलीत बी बरं वाटते."

"अन् बंद होता तवा तूच इचारत होती, कवा सुरू करता म्हनून," भाऊंनी पुरवणी जोडली.

खोटं तर एक अक्षर नव्हतं. मी म्हटलं, गारवा मागितला होता, पाणी नाही मागितलं. भाऊ म्हणाले, कूलर हाय तं पानी राहीनच. मग त्यांनी मोठेपणा दाखवला. "पेटी मी नवी घेऊन देतो. साड्याचं बी पाहू. आखीन काय गेलं सांग."

"कागद."

"त्याचं काय एवढं? दुसरे काढून घे ना."

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. पण त्यानंतर मी 'बेटा'ची 'मॅडम' झाले.

कोर्टाच्या बाहेर झाडाखाली भाडेकरार टाईप करणारे एक गृहस्थ बसतात. त्यांच्याकडे गेले. त्यांनी करार वरपासून खालपर्यंत वाचला. भिंतीला खिळे ठोकू नयेत असं होतं, मांसाहाराबद्दल होतं, पाहुणे किती दिवस राहतील ते होतं. भिंतीनेच भाडेकरूचं नुकसान केलं तर काय, याबद्दल चकार शब्द नव्हता. ते म्हणाले, नुकसान झालेल्या सामानाची यादी करा, समोर किंमत लिहा. मी साड्या लिहिल्या, पेटी लिहिली. पावत्यांसमोर पेन नुसतं धरून बसले आणि तशीच उठून आले.

मग माझ्या डोक्यात एकच गोष्ट बसली. भाऊंनी लिहून द्यायचं. माझ्या कूलरच्या पाण्याने हे कागद खराब झाले, असं स्पष्ट, सहीनिशी. ते ऑफिसात दाखवलं की साहेबांना पटेल, चूक आमची नाही. पाच दिवस मी त्या सहीसाठी त्यांच्या मागे लागले. ते म्हणायचे, "सही कायले? म्या का चोरी केली?" मी दुपारच्या सुट्टीत उन्हातून घरी यायची आणि बोळीतला त्यांचा नळ बंद करून जायची. बाई खिडकीतून बघायच्या आणि मी गेले की पुन्हा सोडायच्या. शेजारी मिटक्या मारत ऐकायचे. लिहायचा मजकूरही मीच सांगत होते, रोज एक शब्द कडक करत होते.

सहाव्या दिवशी सकाळी मी तो लगदा ताटात घेतला आणि भाऊंच्या पुढ्यात ठेवला. चष्मा लावून ते बराच वेळ वाकून बसले. शिक्क्याची अर्धी गोलाई तेवढी दिसत होती.

"जंगलवाल्याची पावती होय का हे?" त्यांनी विचारलं.

"हो. आजोबांची."

"आमच्या बाबाकडं बी होती," ते म्हणाले. "त्यानं चुलीत टाकली. शरम वाटे त्याले." मग बाईंना म्हणाले, "वही आन व."

त्यांनी लिहून दिलं. माझ्या मजकुरापेक्षा साध्या शब्दांत, पण सगळं. बोळीला उतार नाही हेसुद्धा लिहिलं. खाली ठसठशीत सही. मला जिंकल्यासारखं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे.

तारखेला मी सकाळच्या बसने ऑफिसच्या गावी गेले. दादा ऑफिसच्या पायऱ्यांवर पांढरा सदरा घालून बसलेला. त्याला फोनवर मी एवढंच सांगितलं होतं की कागद भिजलेत पण सोय केली आहे. आत टेबलावरच्या माणसाने भाऊंचं पत्र दोनदा वाचलं. तो वाईट वागला नाही.

"कागद भिजले हे यात आहे," तो म्हणाला. "पण कागदात काय होतं ते यात नाही ना, मॅडम."

त्याने गावातल्या म्हाताऱ्या माणसांचे जबाब आणायला सांगितले आणि पुढची तारीख दिली. आजोबांना नांगर धरताना पाहिलेलं माणूस गावात एकच उरलं आहे, एक म्हातारी. तिला आता स्वतःचे नातूही ओळखू येत नाहीत.

बाहेर आलो. बसस्टॅण्डवर बाकावर बसल्यावर मी दादाला सगळं सांगायला लागले. कूलर, बोळ, उतार, नळ, ते काय म्हणाले, मी काय म्हणाले. माझा आवाज चढत होता. दादा ऐकत होता, हातातलं पत्र बघत होता.

"हा मानूस कोन हाय?" त्याने मध्येच विचारलं.

"घरमालक. सांगते आहे ना मघापासून."

"मी ह्याले ओळखत नाई," दादा म्हणाला. "म्या ह्याले कागद देल्ले नोव्हते. तुले देल्ले होते. हा लिहून देते, अन् तू काऊन नाई लिहून देत?"

तो रागावला नव्हता. खरंच विचारत होता. मी पर्समधून पेन काढलं, त्याच्याच पिशवीतला एक कागद घेतला. पाच दिवस दुसऱ्याला मजकूर सांगणारी मी तो कागद मांडीवर धरून बसले, आणि दादाची जिवतीची बस लागली तरी माझं एक वाक्य लिहून झालं नव्हतं.