रहिमाबीचा चार

"हा मेलँकोलिया आहे," डॉक्टर म्हणाले. म्हणजे मन इतकं खोल उदास होतं की जेवण, झोप, बोलणं सगळं सुटत जातं.

माझी बायको विमल शेजारी बोटाला पदर गुंडाळत बसली होती. दुसरं मूल जन्मताच गेलं, तेव्हापासून चार महिने ती अशीच. आमच्या आष्टी गावात लोक बाधा म्हणाले. मी शाळामास्तर, तरी अंगारे लावून झाले होते.

आमचा भाग मुंबई राज्यात गेला, ते छप्पन्न साल. जालन्याच्या दवाखान्यात मनाच्या रोग्यांसाठी आठ खाटा होत्या. मी व्हरांड्यात फेऱ्या मारायचो. बसलो तरी पाय हलत राहायचे. तीन वर्षांची पोर घरी माझ्या आईजवळ होती.

सोळाव्या दिवशी विमल थोडं जेवली. सिस्टर म्हणाल्या, "शांत आहेत आता." मी लगेच सामान बांधलं.

त्या वॉर्डात डॉक्टरांनी एक रीत घातली होती. प्रत्येक रोग्याची झोप, जेवण, उदासी, जिवाचा धोका यांना त्यांनी, सिस्टरांनी आणि आयाने शून्य ते चार आकडा द्यायचा, एकमेकांना न विचारता; शून्य म्हणजे काळजी नाही, चार म्हणजे सगळ्यात जास्त. मग सगळ्यांना सारखंच दिसतं का, ते डॉक्टर ताडून बघायचे. त्या दिवशी मलाही कागद दिला. धोक्यापुढे मी शून्य लिहिलं. सिस्टरांचंही शून्य, डॉक्टरांचा एक. आया रहिमाबीला लिहिता येत नसे. तिने कारकुनाकडून चार लिहून घेतला होता.

"एवढा फरक कसा?" डॉक्टरांनी तिला विचारलं.

"बाई शांत हाय, बराबर," रहिमाबी म्हणाली. "पण काल हातातल्या बांगड्या मला देऊ लागली. म्हणे, पोरीला पोचवा, मला आता लागत न्हाईत. मला भ्या वाटून राह्यलं, साहेब."

सिस्टर हळूच म्हणाल्या, "त्या त्रास देत नाहीत, म्हणून मी शांत म्हटलं."

माझ्या शून्याचं कारण मला ठाऊक होतं. मला घरी जायचं होतं.

आम्ही थांबलो. विमलजवळ रात्रंदिवस कोणीतरी बसू लागलं. विजेच्या झटक्यांचे उपचार झाले. त्यानंतर थोडा वेळ ती मलाही ओळखत नसे. त्या वेळी मी बाहेर जाऊन उभा राहायचो.

सातव्या आठवड्यात सगळ्यांचे आकडे जवळजवळ जुळले. डॉक्टर म्हणाले, घरी न्या. तेव्हा विमलच बोलली, "मला कुणी इचारलंच न्हाई."

डॉक्टरांनी पेन्सिल तिच्या हातात दिली. तिने उदासीपुढे दोन लिहिले. "तुमी समजता त्याच्यापेक्षा जास्त हाय," ती म्हणाली. "पण मरावं असं आता वाटत न्हाई."

डॉक्टरांनी आपला आकडा खोडला, तिचा ठेवला आणि आणखी आठ दिवस ठेवून घेतलं.

निघताना रहिमाबी फाटकापर्यंत आली. मी वाकून तिच्या पाया पडलो.

ज्यांच्या घरी असं आजारपण आहे, त्यांना एवढंच सांगतो. माणूस गप्प झालं म्हणजे बरं झालं, असं धरून चालू नका. त्याच्याजवळ बसणाऱ्याला विचारा, आणि खुद्द आजारी माणसालाही विचारा.