पदरची डावी बाजू

एकोणचाळिसाव्या वर्षी मला डॉक्टर व्हायची हुक्की आली, असं आमच्या घरात म्हणतात. हुक्की कसली डोंबलाची. सोळा वर्षं मी सोलापुरात एका खाजगी दवाखान्यात नर्स आहे. बारावीला सायन्स होतं, मार्कही बरे होते, पण घरच्यांनी नर्सिंगला घातलं आणि मी मुकाट गेले. मग एक दिवस कळलं की मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला आता वयाची वरची अट नाही, आणि डोक्यात किडा वळवळायला लागला. परीक्षेचं नाव नीट, आणि माझं एक काही नीट नव्हतं. फॉर्म भरायची मुदत आठवड्यावर आली तरी माझं ठरत नव्हतं. नवरा रोज विचारायचा, "अगं, भरायचा का?" सकाळी मी हो म्हणायचे, संध्याकाळी नाही. त्यांनी नंतर नंतर दुपारी विचारायला सुरुवात केली.

सकाळची ड्युटी संपली की मी अभ्यासिकेत जायचे. तिथली पोरं मला काकू म्हणतात आणि पंख्याखालची खुर्ची माझ्यासाठी सोडतात, त्याचा मला रागच येतो. क्लासमधले सर माझ्याहून चौदा वर्षांनी लहान. बाकीच्यांना "ए, तू सांग" म्हणतात, आणि माझ्यापाशी आले की "तू... तुम्ही... मॅडम" करत पुढं सरकतात. त्यामुळे मला कधी प्रश्नच येत नाही. फिजिक्सच्या पुस्तकात लिहिलंय, ओझं हातात धरून सपाट जमिनीवर कितीही चाला, ओझ्यावर केलेलं काम शून्य. ज्यानं हे लिहिलं त्याला एकदा माझ्या वॉर्डात पाठवा म्हणावं.

पण खरा गोंधळ फिजिक्सचा नव्हता. डॉक्टर कशाला व्हायचं, हेच मला धड सांगता येत नव्हतं. बाहेर पडेपर्यंत पंचेचाळिशी ओलांडेल. सासूबाईंना सांगितलं, लोकांची सेवा. बहिणीला सांगितलं, मान मिळतो. नवऱ्याला सांगितलं, माहीत नाही. तिन्ही खरी होती आणि तिन्ही खोटी होती.

त्याच आठवड्यात मैंदर्गीच्या एक आजी दवाखान्यात आल्या. कर्नाटकच्या सीमेवरच्या त्या भागात माणूस एका वाक्यात दोन भाषा बोलतो. मीही अक्कलकोटची, माहेरी कन्नड आणि शाळेत मराठी, म्हणून तिकडचा पेशंट आला की मला हाक पडते. आमचे डॉक्टर तरुण आहेत, मराठवाड्यातले, त्यांना कन्नडचं ओ की ठो कळत नाही. त्यांनी विचारलं, "काय होतंय आजी?" आजींनी पदर छातीशी मुठीत घट्ट धरला, मान खाली घातली, आणि माझा हात ओढून कानात सांगितलं, "लई उरी व्हायलंय, यव्वा."

दुसऱ्या दिवशी माझी क्लासमध्ये हृदयावरची टेस्ट होती. सकाळपासून डोक्यात झडपा आणि रक्तवाहिन्या फिरत होत्या. ऊर म्हणजे छाती, मूठही छातीवर, झालं. मी म्हटलं, "सर, छातीत होतंय म्हणतायत. डाव्या बाजूला."

डाव्या बाजूला हे मी पदरचं घातलं. आजी तसलं काही बोलल्या नव्हत्या.

मग ईसीजी काढला. तो चांगला आला म्हणून परत काढला. हृदयाच्या रक्ततपासण्या झाल्या, आजींना वायरी लावून झोपवलं. अंगात थोडा ताप होता, तो कुणी मनावर घेतला नाही. त्यांचा मुलगा बाहेर बाकावर डोकं धरून बसला होता. मी जाता-येता मॉनिटर बघत होते, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. हे सगळं मी ओळखलं, असं वाटत होतं. आजी पाणी मात्र पीत नव्हत्या. दिलं की भांडं सरकवायच्या.

दुपारी त्यांना बाथरूमला नेलं. आत त्यांनी माझं मनगट असं धरलं की नखं रुतली. डोळ्यांतून पाणी, आणि तोंडात तोच शब्द, "उरी, उरी." तेव्हा कुठं माझी ट्यूब पेटली. कन्नडमध्ये उरी म्हणजे आग, जळजळ. लघवीला आग होते त्याला माझी आई उरीमूत्र म्हणायची आणि धन्याचं पाणी द्यायची. पुरुष डॉक्टरसमोर बाईला मराठीत ते सांगायची लाज वाटली, म्हणून तिनं माझ्या कानात माझ्या आईच्या भाषेत सांगितलं होतं. आणि मी माझ्या आईचा शब्द ओळखला नाही.

मी धावत जाऊन डॉक्टरांना सांगितलं. लघवी तपासली, इन्फेक्शन निघालं, औषध सुरू झालं. डॉक्टर एवढंच म्हणाले, "सिस्टर, ती डावी बाजू कुठनं आली?" माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "आणि तुम्ही तरी परत कुठं विचारलंत?" ते म्हणाले, "तेही खरंच." त्यावर मला आणखीच वाईट वाटलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. घरी आले आणि न विचारताच नवऱ्याला सांगितलं, "नाही भरायचा. अर्धवट वैदू व्हायची लक्षणं आहेत माझी." पुस्तक वाचायच्या आधी मी पेशंटचं बोलणं जसंच्या तसं तरी सांगत होते.

दोन दिवसांनी आजी घरी निघाल्या. त्या दिवशी फॉर्मची मुदत संपत होती. मी त्यांच्याजवळ बसले आणि सांगून टाकलं, की तुमच्या छातीला वायरी लागल्या त्या माझ्यामुळं. मी चुकीचं ऐकलं आणि वर खोटं घातलं. आजी हसल्या.

"मीच हळू बोलले की. डाक्टरला तोंडावर सांगितलं असतं व्हय मी? जीव गेला असता तरी न्हाय. तू डाक्टर न्हाईस, म्हणून तुझ्या कानात बोलले."

मला काय झालं कुणास ठाऊक. मी कन्नडमध्ये म्हटलं, "अज्जी, मी डॉक्टर व्हायचा अभ्यास करतेय." दवाखान्यात हे मी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

आजींनी मला नीट न्याहाळलं. पिशवी मांडीवर घेतली. मग अगदी साध्या आवाजात विचारलं, "मग आमी कुनाच्या कानात बोलायचं?"

मुलगा रिक्षा घेऊन आला, मी आजींना धरून खाली नेलं, रिक्षात बसवलं. घरी येईपर्यंत डोक्यात एकच, डॉक्टरच्याच कानात बोलता आलं तर? घरी आले तेव्हा नवरा चहा पीत होता. मी म्हटलं, "भरा फॉर्म."

"नक्की?"

"नक्की नाही," मी म्हटलं. "भरा."