चाक माह्यं हाये

जयवंताबाईनं मालगुजाराच्या विहिरीचं चाक चोरलं आणि आर्वीच्या भंगारवाल्याला विकलं, असं रोहण्याच्या बाजारात अजून सांगतात. सांगणारा आवाज खाली आणून सांगतो, म्हणजे ऐकणाऱ्याला खरं वाटावं.

खोटं आहे. चाक काढलं ते मालगुजार किसनरावांच्या गड्यानं, नत्थूजीनं, दिवसाढवळ्या, पाण्याला आलेल्या बायांच्या डोळ्यांदेखत. ते आजही किसनरावांच्या कोठ्यात कडब्याखाली पडलं आहे. ज्या बायांनी हे पाहिलं त्यांनीच चोरीची गोष्ट गावभर केली. मालगुजारावर रागावलं तर भोगावं लागतं, जयवंतावर रागावायला काही लागत नाही.

गावात गोड्या पाण्याची विहीर एकच, आणि ती मालगुजाराची. मालगुजारी, म्हणजे जमीनदारी, गेली तशी विहीर सरकारात जमा झाली, सरकारनं ती पंचायतीला दिली. सरपंच रूपरावांनी ‘सार्वजनिक विहीर’ अशी पाटी ठोकली, नारळ फोडला आणि भाषण केलं. रूपराव दर वाक्यामागं “म्हंजे असं का” म्हणून थांबतात, जसं काही पुढचं वाक्य कोणी विहिरीतून ओढून देणार आहे. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी नत्थूजी ओट्यावर होता तिथंच बसलेला.

त्याचं काम एवढंच. जयवंताच्या गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या बायांनी ओट्याखाली गुंड, म्हणजे पाण्याची घागर, ठेवून लांब सरकायचं, आणि यानं वरून धार सोडायची. मनात असेल तेव्हा. अर्धं गुंडात, अर्धं मातीत. गाव मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेलं, विहीर मालगुजाराकडून पंचायतीकडे गेली, बाया मात्र होत्या तिथंच, ओट्याखाली.

जयवंताला हे दुप्पट झोंबायचं. तिचा नवरा प्रेमदास विहिरी खणायचा. ही विहीर त्यानंच खणलेली. पाणी लागेस्तोवर तो तळाशी चालला. पाणी लागलं, पूजा झाली, आणि त्या घडीपासून त्याच्या पायाला ओटा बंद. धम्मदीक्षेचा दिवस पाहायला तो राहिला नाही. जयवंता नागपूरला जाऊन आली, आणि आल्यावर तिनं धारेखाली गुंड धरणं सोडलं. काही महिने ती शेतातल्या मचूळ विहिरीवर भागवत राहिली. वैशाखात ती आटली, तेव्हा एका सकाळी आपला दोर खांद्यावर टाकून ती सरळ ओट्यावर चढली आणि दोर चाकावर घातला.

नत्थूजी उठून उभा राहिला. हिला अडवावं की मालकाला सांगावं, हे त्याला ठरवता येईना. शेवटी तो पळाला. तोवर जयवंताचा गुंड भरला होता.

किसनराव आले नाहीत. मोठी माणसं विहिरीवर भांडायला येत नसतात. दुसऱ्या दिवशी नत्थूजीच पाना घेऊन आला, चाक उतरवलं आणि मालकाचा निरोप बायांना ऐकवला. किसनराव पान गालात धरून, ओठ न हलवता बोलतात. नत्थूजीनंही तसंच ऐकवलं: “सरकारनं इहीर घेतली. चाक नाई घेतलं. चाक माह्यं हाये. ज्याचं चाक, त्याच्या मर्जीनं पाणी.”

आता दोर दगडावर घासू लागला. बादली कडेला आदळून अर्धी रिकामी वर यायची. बायांच्या तळहातांची सालटी निघाली, आणि सगळ्या शिव्या जयवंताच्या दारात येऊन पडल्या. त्यात एक फार लागली: गुमान धारेखाली गुंड ठेवला असता, त काय झिजलं असतं हिचं?

ती रूपरावांच्या घरी गेली. रूपराव म्हणाले की तालुक्याला कळवलं आहे, मंजुरी आली की चाक बसेल, सबूर धर. जयवंता उभ्यानंच बोलली.

“पाटी लावाले मंजुरी लागली नाई, नारळ फोडाले लागली नाई. चाकालेच काऊन लागते जी?”

रूपराव “म्हंजे असं का” म्हणाले आणि थांबले. पुढचं वाक्य वर आलंच नाही.

घरी येऊन तिनं आढ्यावरून प्रेमदासचं लाकडी चाक उतरवलं. याच चाकावर या विहिरीतला मुरूम आणि दगड वर आले होते. तिनं त्याला जवसाचं तेल पाजलं आणि भर उन्हात ते विहिरीच्या खांबांत बसवलं. कोणी आडवं आलं नाही. येणार कसं? विहिरीवर पाटी पंचायतीची होती, आणि चाकाचा कायदा खुद्द मालगुजारानं करून ठेवला होता. पहिली बादली तिनं घरी नेली नाही. ओट्यावरच बसून ओंजळीनं प्याली. तोंडावर हसू नव्हतं. प्रेमदासला या ओट्यावर कधी बसू दिलं नाही, एवढंच तिच्या डोक्यात घणासारखं पडत होतं.

संध्याकाळपर्यंत कुणब्यांच्या बाया दुरून पाहत राहिल्या. मग सोललेल्या हातांनी निकाल दिला आणि त्या आल्या.

त्याच ओट्यावर मी, तिच्याच वस्तीतला पोरगा, जयवंतामावशीसमोर किसनरावांची नक्कल केली, गालातल्या पानासकट. ती हसली नाही. “त्यायच्या तोंडासमोर करशीन काय?” म्हणाली. मी म्हणालो, “मालगुजाराचा गुंड तुझ्या चाकावर लटकला, त त्यायच्या ओसरीवर जाऊन करीन. लागली पैज.” मला खात्री होती. किसनराव नाल्यातला गाळ पितील, पण हे होऊ देणार नाहीत.

पाण्यासाठी नाल्यावर त्यांची बैलबंडी जात राहिली खरी. पिंपात निम्मा चिखल यायचा. पुढं बैल बसले, आणि घरात पाहुणे आले. एका दुपारी नत्थूजी मोठा पितळी गुंड घेऊन आला आणि ओट्याखाली उभा राहिला, पूर्वी मावशीचा गुंड असायचा नेमका तिथं.

“जयवंताबाई, काढू काय जी?”

मावशी आणखीच भडकली.

“मले काऊन इचारता? चाक माह्यं हाये, पाणी नाई. इचारून पाणी घ्याची रीत ह्या ओट्यावर आता राह्यली नाई. चढा वर, आन् आपल्या हातानं काढा.”

नत्थूजी चढला. चाक करकरलं. मावशीनं माझ्याकडं पाहिलं.

“जाय आता. ओसरीवर बैठक भरली असन.”

मी गेलो. किसनराव पान जुळवत बसले होते.