देवळाच्या दारातली घुंगुरमाळ

निलंग्याहून येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरनं बातमी आणली. शाळेच्या फाटकाशी बस क्षणभर थांबवून त्यानं मला हाक मारली आणि म्हणाला, "तुमच्यासंगं निलंग्याला हुते ते ख्रिस्ती सर गेले की हो. काल मातीबी झाली." एवढं सांगून त्यानं घंटी मारली, बस निघून गेली आणि मी खडूनं माखलेल्या हातानं तिथंच उभा राहिलो. पुढच्या तासाला दशांश अपूर्णांक शिकवायचे होते, तेही शिकवले. लातूरला बदली होऊन आल्यापासून शांतवन सरांना भेटायला जायचं ठरवत होतो, पण दर वेळी काहीतरी आडवं येत गेलं... आणि शेवटी मातीलाही मी पोचलो नाही.

निलंग्याच्या शाळेत ते इतिहास शिकवायचे आणि मी गणित. आमच्या लिंगायत घरात त्यांच्या नावाला सुरुवातीला जरा नाकं मुरडली गेली, पण त्यांच्या बायकोनं एकदा शेंगदाण्याची चटणी पाठवली आणि आमच्या आईचा विरोध तिथंच मावळला. सर उंच, किडकिडीत, बोलताना सतत चष्मा पुसणारे. वर्गात त्यांचं एकच टुमणं असायचं: कोण सांगतंय, कोणाला सांगतंय, आणि त्यानं स्वतः पाहिलं होतं का? पोरं त्यांची नक्कल करायची. डब्यात भाजी कोणती म्हणून विचारलं, की एखादा वात्रट हटकून म्हणायचा, "कोण सांगतंय?" सर स्वतःही हसायचे.

हेच सर दर रविवारी सायकल हाणत जवळच्या आपल्या गावी जायचे आणि तिथल्या पत्र्याच्या देवळात शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायचे. ख्रिस्ती मंडळीही चर्चला देऊळच म्हणतात, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. पाळक, त्यांचे पाद्री, महिन्यातून एकदा यायचे, बाकीच्या रविवारी वाचन सरांकडे. मी त्यांना छेडायचो, की आठवडाभर पुरावा मागता आणि रविवारी मुकाट्यानं वाचता, हे गणित कसं जमतं? ते चिडायचे नाहीत. मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, जुन्या लेखांत बायबलमधल्या योसेफाचं नाव सापडत नाही, हे ते सरळ कबूल करायचे. न सापडणं म्हणजे नसणं नव्हे, हेही लगेच जोडायचे. बायबलमध्ये इतिहास आहे, पण ते लिहिणाऱ्यांना सनावळ्या द्यायच्या नव्हत्या, हरलेल्या, पांगलेल्या माणसांना उभं करायचं होतं, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटायचं. अडचण एवढीच, की हे ते मला स्टाफरूममध्ये सांगत होते; देवळात सांगायची त्यांची हिंमत नव्हती.

उरलीसुरली हिंमतही गेली बहात्तरच्या दुष्काळात. पाऊस सलग तिसऱ्या साली दगा देत होता. अख्खं गाव दुष्काळी कामावर खडी फोडत होतं, अमेरिकेहून आलेल्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरी खात होतं. लोकांना धीर यावा म्हणून सरांनी एका रविवारी योसेफाची गोष्ट वाचली. फारो राजाच्या स्वप्नात सात लठ्ठ गायी येतात, मग सात रोडक्या येऊन त्यांना खाऊन टाकतात. म्हणजे सुकाळाची सात वर्षं आणि मग दुष्काळाची सात, असा योसेफ अर्थ सांगतो, धान्य साठवतो आणि लोक वाचतात. सरांना सांगायचं होतं ते वाचण्याविषयी. ऐकणाऱ्यांनी धरला सातचा आकडा. देवळाबाहेर पडताना लोक बोटं मोजत होते... तीन झाली, चार उरली. त्याच आठवड्यात याकूबतात्यांनी बैलजोडी बाजारात नेऊन विकली. तात्या म्हणजे मंडळीतलं वडीलधारं माणूस, सरांच्या वडिलांच्या जागी. पुढच्या साली पाऊस चांगला झाला. सगळ्यांची तिफण चालली आणि तात्या बांधावर बसून राहिले. पुन्हा जोडी काही त्यांना उभी करता आली नाही.

आमच्याकडे जनावर विकलं तरी त्याचं दावं, गळ्यातला साज विकणारा माघारी आणतो. दावणीची बरकत जाऊ नये म्हणून. तात्यांनी बैलांची घुंगुरमाळ परत आणली आणि देवळाच्या दाराला बांधली. देवळाला घंटा नव्हतीच. तेव्हापासून उपासनेआधी तात्या ती माळ हलवायचे, लोक जमायचे आणि सर वाचायला उभे राहायचे. दर रविवारी. सोमवारी शाळेत आले की सरांचा चेहरा उतरलेला असायचा. "ती माळ वाजली की कान बंद करून घ्यावेसे वाटतात," असं ते एकदा म्हणाले होते.

माझा सल्ला सोपा होता. तात्यांना जाऊन सांगा, की ते भविष्य नव्हतं, जुनी गोष्ट होती, तुम्ही चुकीचं ऐकलंत. सर नकाराची मान हलवायचे. तात्यांची समजूत त्यांनी स्वतःच ताडली होती: देवाचा शब्द मानून आपण बैल दिले, म्हणून देवानं उरलेली चार वर्षं माफ केली. ती समजूत काढून घेतली तर हा म्हातारा कशाच्या आधारावर जगेल? आणि नाही काढली, तर दर रविवारी तोंड उघडताना आपणच खोटे पडतो. लातूर जिल्हा झाला, नव्या कचेऱ्या आल्या, शाळा वाढल्या, त्यांनाही लातूरला वरची जागा चालून आली. मी खूप मागं लागलो. तेव्हा ते म्हणाले, "तिकडं गेलो तर सुटतो, आप्पा. म्हणूनच जाता येईना झालंय." मला त्या दिवशी त्यांचा खरोखर राग आला. एवढा शहाणा माणूस स्वतःला दावणीला बांधून घेतो आणि गाठही सोडत नाही, म्हणजे काय?

शेवटची भेट लातूरच्या दवाखान्यात झाली. छातीत दुखतं म्हणून आले होते. गेटवर चहा घेताना म्हणाले, यंदा तात्यांशी बोलणार, नक्की. पुन्हा पावसानं ओढ दिली होती आणि लोक तोच अध्याय वाचायला सांगत होते. मी म्हणालो, बोला एकदाचं. ते हसले, चष्मा पुसला आणि निलंग्याच्या बसमध्ये चढले.

ते गेल्याची बातमी आल्यावर काही आठवड्यांनी, एका रविवारी, मी त्यांच्या गावी गेलो. याकूबतात्या देवळाच्या ओट्यावर बसले होते. नजर अधू झालेली, आवाज मात्र ठणठणीत. सर जे बोलणार होते ते मी बोललो. तुमचे बैल सरांच्या वाचनापायी गेले, हे ओझं त्यांनी मरेपर्यंत वाहिलं, असं सरळ सांगितलं.

"वाचलं म्हणून?" तात्या म्हणाले. "बैलं तर आधीच इकायची ठरली हुती. वैरण कुठं हुती? पर लेकरं गळ्यात पडून रडत हुती. त्येंना काय सांगावं, उमजंना. मंग त्या आयतवारी सरांनी वाचलं. देवाच्या पुस्तकात हाय म्हणलं, तवा कुठं गप झाली... लई उपकार झाले सरांचे. म्हणून तर माळ हितं बांधली."

मी विचारलं, मग हे त्यांना कधी सांगितलं का नाही?

"त्येंनी कधी इचारलंच न्हाई."

पोरांना जन्मभर जो प्रश्न विचारायला शिकवलं, तो सरांनी इथं विचारलाच नाही: बैल वाचनापायी गेले, हे कोण सांगतंय? मला रडू आलं, संतापही आला. मग वाटलं, तात्या हे आत्ता माझ्या समाधानासाठी तर म्हणत नसतील? खोदून विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. तेवढ्यात तात्या भिंतीला धरून उठले, चाचपडत दाराशी गेले आणि त्यांनी माळ हलवली. घरांतून माणसं येऊ लागली. ती माळ मी त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकली. सरांच्या बोलण्यावरून वाटलं होतं, तिचा आवाज कर्कश असेल. तो फार गोड होता.