कोंबडीच्या पिल्लाचा डोळा

ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी, पेणला आली होती. मी तेव्हा मुंबईत पीएच.डी. करत होते. मुलगी झाल्याचा फोन आला तशी मिळेल ती एस.टी. धरून घरी आले. बाळ भरपूर जावळाचं, अंगानं चांगलं. पण उजेडात नेलं की डोळे गच्च मिटून रडायचं. एका सकाळी तेल लावताना तिनं डोळे पूर्ण उघडले आणि आईचा हात थांबला. बाहुलीभोवती जे तपकिरी कडं असतं, ते नव्हतंच. नुसता मोठा काळा गोल.

मुंबईच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, बुबुळातला रंगीत पडदा तयार झालेला नाही. नजर अधू राहील, ऊन सोसणार नाही. शिवाय अशा काही मुलांच्या मूत्रपिंडात गाठ होते, म्हणून अधूनमधून पोटाची सोनोग्राफी करत राहायची. ताईनं विचारलं, "पण कशामुळे?"

"जन्मतःच असतं," ते म्हणाले आणि त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

ताई बाळाला घेऊन रोह्याला सासरी गेली. तिथे सासूबाईंकडे कारण तयार होतं. सातव्या महिन्यात ग्रहण लागलं होतं आणि ताईनं तेव्हा भाजी चिरली होती. भाऊजी केमिकल कंपनीत होते; तिथलंच काहीतरी बाधलं असं धरून ते मात्र स्वतःलाच दोष देत. शिफ्टवरून आले की कंपनीचे कपडे मागच्या दारी काढायचे, अंग घासघासून धुवायचे, तरी बाळाला घ्यायला पुढे व्हायचे नाहीत. घरात कोणी भांडत नव्हतं, पण कोणी धड बोलतही नव्हतं.

त्याच सुमारास आमच्या प्रयोगशाळेत परदेशातून एका अँटिबॉडीची इवलीशी कुपी आली होती. गर्भात डोळा कुठे आणि कसा घडवायचा, याचा हुकूम देणारं एक प्रोटीन असतं. ही अँटिबॉडी नेमकी त्यालाच जाऊन चिकटते. वर रंग चढवला की ते जिथे असेल तिथे तपकिरी दिसतं. कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भावर आम्ही ती वापरत होतो. ज्या मुलांच्या डोळ्यांत हा पडदा नसतो, त्यांच्यात बहुधा याच प्रोटीनच्या जनुकाची एक प्रत बिघडलेली असते, हे मी बाळाच्या जन्माआधीच वाचलं होतं. वाचताना ते दूरच्या कोणाबद्दल होतं. आता ते आमच्या घरातल्या बाळाबद्दल होतं.

पुढच्या सुट्टीत मी ताईला हे सांगितलं. तिच्या चेहऱ्यावर एकदम आशा आली.

"मग तिच्या रक्ताला लाव ना ते औषध!"

"ताई, ते औषध नाही. ते फक्त दाखवतं. आणि रक्तात शोधून ते सापडायचंही नाही."

"मग त्याचा उपयोग काय?"

बाळाला घेऊन ती आत गेली.

पण पुढच्या तपासणीला मुंबईत आली तेव्हा ती आपणहून म्हणाली, "मला बघायचंय ते." बाळाची टोपी कपाळावर ओढून ती प्रयोगशाळेच्या स्टुलावर बसली. मी काच मायक्रोस्कोपखाली लावली. तीन दिवसांचा गर्भ. सगळा फिका आणि होऊ घातलेल्या डोळ्याची वाटी तेवढी तपकिरी.

"हे पिल्लू?"

"हो. माणसाच्या गर्भातही हेच प्रोटीन."

"हे घडतं कधी?"

"माणसात पहिल्या महिन्यातच सुरू होतं. पण बिघाड असला तर तो गर्भ राहतो तेव्हापासूनच असतो."

तिनं मायक्रोस्कोपवरून नजर हलवली नाही. "तेव्हा तर मला दिवस गेल्याचं ठाऊकसुद्धा नव्हतं," ती हळूच म्हणाली. मग तिचे खांदे हलायला लागले.

रोह्याला तिनं मलाच सांगायला लावलं. भाऊजी दाराला टेकून उभे होते. सासूबाई तांदूळ निवडायचं थांबवून ऐकत होत्या.

"म्हंजे सुनेचं कायच चुकलं नाय?"

"नाही."

"आन् माज्या मुलाचं?"

"त्यांचंही नाही. कोणाचंच नाही."

त्यांनी सूप बाजूला सारलं. "मग मी रागवू कोणावर गो?" म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. भाऊजींनी पुढे होऊन बाळाला उचलून घेतलं. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी जुन्या काळ्या लुगड्याचे पडदे शिवून खिडक्यांना लावले. ग्रहणाचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

म्हणून सगळं सुरळीत झालं असं नाही. तुम्हा दोघांचे डोळे चांगले आहेत, दुसऱ्या मुलाला हे होण्याची शक्यता फार कमी, असं डॉक्टर समजावून थकले. ताईनं दुसरं मूल होऊ दिलं नाही. भाची काळा चष्मा लावून पहिल्या बाकावर बसायची, पुस्तक नाकाला टेकवून वाचायची. दर सोनोग्राफीच्या आधी ताई जेवायची बंद व्हायची. माझा प्रबंध पुरा झाला, त्यात डोळ्यांचे सुरेख फोटो होते. ताईनं तो एकदा चाळला आणि मिटून परत दिला.

भाची शाळेत चांगली रुळल्यावर एका तपासणीनंतर डॉक्टर म्हणाले, आता गाठीची भीती फारशी नाही, वरचेवर यायला नको. ताई बाहेर आली, दवाखान्याच्या जिन्यात बसली आणि काही केल्या उठेना. मी शेजारी बसले. भाची कठडा चाचपत खाली उतरून पुन्हा वर आली. "आई, चल ना, एस.टी. जाईल," ती म्हणाली. तरी आम्ही दोघी तिथेच बसून राहिलो.