माझ्याविरुद्धचं गाऱ्हाणं

सांगलीहून निघताना बायकोने विचारलं, "ज्याला तुम्ही यायला नको आहात, त्याच्याकडेच का चाललाय?" प्रश्न रास्त होता. पण बॅग भरून झाली होती आणि भरलेली बॅग रिकामी करण्याचा मला भारी कंटाळा आहे.

त्याचं असं झालं. निवृत्त झाल्यापासून मला फिरण्याची खाज सुटली आहे. हरमलला समुद्राजवळ स्वस्तातली खोली मिळते का, ते मी मोबाईलवर शोधत होतो. एका फोटोत खोली कमी आणि मालकच जास्त दिसत होता. माडाला टेकून उभा, टक्कल पडलेलं, पोट सुटलेलं आणि दोन्ही बाजूंना सताड उघडलेल्या खिडक्यांसारखे कान. ते कान मी ओळखले. वडील डिचोलीला खाणीच्या कचेरीत नोकरीला होते, तेव्हा चौथी ते सातवी मी त्याच कानांच्या मागे बसून फळा पाहिला होता, म्हणजे फारसा पाहिला नव्हता. दत्ताराम, आमचा दत्तू! सातवीनंतर वडिलांची बदली झाली आणि त्यानंतर त्याची नि माझी गाठ नव्हती. मी तिथल्या तिथे खोली ठरवली आणि निरोप टाकला, "दत्त्या, मी मुकुंद!"

उत्तरं दोन आली. पहिलं त्याच्या मुलीचं. "काका, मी सिद्धी. खोल्यांचं सगळं मीच बघते. तुम्ही नक्की या. आमच्या घरात तुमचं नाव सारखं निघतं." दुसरं दत्तूचं. "नळाक पाणी नाय. मागीर (नंतर) ये." दुसऱ्या दिवशी त्याने कळवलं की शेजारचा कुत्रा चावरा आहे. मग कळवलं की खोलीत साप निघाला. आता दर पावसाळ्यात पुराची वाट बघणाऱ्या गावच्या माणसाला साप आणि पाणी यांची काय मातब्बरी! मला वाटलं, गरीब बिचारा भिडस्त आहे, पाहुण्याची गैरसोय होईल म्हणून काळजी करतोय. माणसं ओळखण्यात मी पहिल्यापासून असाच आहे.

रात्रीच्या बसने आंबोलीच्या घाटात माझी सगळी हाडं एकदा मोजून घेतली आणि सकाळी म्हापशाला उतरवलं. शुक्रवार होता, बाजाराचा दिवस. केळ्यांचे घड, सुकी मासळी, मडकी, झाडू आणि त्यामधून वाट काढणाऱ्या बायका. त्यांच्या कोपरांना जो मान द्यावा लागतो, तो मी कुठल्या साहेबालाही दिलेला नाही. एका हॉटेलात पातळ भाजी आणि उंडे (बाहेरून कडक, आतून मऊ पाव) खाल्ले. शेजारी बसलेल्या गृहस्थाने माझ्याकडे पाहून विचारलं, "घाटयेसून इलात?" (घाटावरून आलात?)

"कसं ओळखलंत?"

"उंडो चमच्यान खाता कोण?"

चमचा ठेवला, बोटं वापरली, भाजी दुप्पट चांगली लागली.

बाजाराबाहेर भाड्याची स्कूटर घेतली आणि आधी डिचोली गाठली. आमचं जुनं घर जिथे होतं तिथे आता फर्निचरचं दुकान आहे. शाळा आहे, पण तिला रंग असा दिलाय की तिने मला ओळखू नये म्हणूनच दिला असावा. खाणीच्या बाजूला जुना खड्डा मात्र तसाच, पाण्याने भरलेला, हिरवागार आणि शांत दिसत होता. आता त्याला कुंपण आहे. त्या पाण्याकडे पाहून मला जरा हसू आलं. का, ते पुढे येईलच.

डिचोलीहून पेडणे, पेडण्याहून हरमलकडे. दोन्ही बाजूंना काजूची झाडं, मध्येच भाताची खाचरं, वळणावर एकदम समोर येणारी बस. मी गाणं गुणगुणत चाललो होतो आणि हरमलमध्ये शिरल्यावर बरोबर एका देवळासमोर मागच्या टायरने जीव सोडला. स्कूटर ढकलत सावलीत नेली. देवळात दहा-पंधरा माणसं हात जोडून उभी होती. पंक्चरवाला कुठे भेटेल हे विचारायचं तर गाऱ्हाणं संपेपर्यंत थांबणं भाग होतं, म्हणून चपला काढून मीही मागे उभा राहिलो.

घाडी (देवापुढे सगळ्यांच्या वतीने गाऱ्हाणं घालणारा मानकरी) खणखणीत आवाजाचा होता. तो एकेक मागणं देवाच्या कानावर घालायचा आणि प्रत्येक वाक्यानंतर जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा!" म्हणायचं, अशी पद्धत. पुकाऱ्याने मागणं पक्कं होतं. मलाही उत्साह आला.

"बा देवा म्हाराजा! ह्या तुझ्या लेकरान तुका नारळ ठेवल्यान हा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेच्या घराक एक पावणो येता हा. तेका काय इजा करू नको!"

"व्हय म्हाराजा!" मी सगळ्यांत मोठ्याने ओरडलो.

"पण तेची गाडी वाटेर बंद पडांदे! टायर फुटांदे! नायतर पोट बिघडांदे!"

"व्हय म्हाराजा!"

"तो सांगलीचो मुकुंद ह्या लेकराच्या घराक पावता कामा नये! आणि तेका सुखरूप माघारी धाड!"

"व्हय म्हा..." म्हणता म्हणता मी मान उंचावून पाहिलं. पुढच्या रांगेत दोन मोठे कान दिसत होते. त्यांच्यातून ऊन आरपार येत होतं.

"दत्त्या," मी म्हणालो, "टायर फुटला."

दत्तू वळला. त्याच्या तोंडाकडे पाहून मला खरंच त्याची दया आली. मग घाडीने बाहेर जाऊन स्कूटरचं चाक बोटाने दाबून पाहिलं आणि समाधानाने मान डोलावली.

"देव पावलो," तो म्हणाला. "इतक्या बेगीन (लवकर) कधी पावाक नाय."

"अरे, पण हयच (इथेच) फुटलो मां!" दत्तू कळवळला.

"खय फोडूचो ता तू सांगूक नाय," घाडी म्हणाला. "गाऱ्हाण्यात जागो सांगूचो लागता. तुझीच चूक. देवाक कित्या बोल लावतस?"

यावर तिथल्या कोणालाच काही हरकत घेण्यासारखं वाटलं नाही. एकाने तर पुढच्या वेळी गावाची शीवही सांगून टाकावी, असं सुचवलं.

पंक्चर निघेपर्यंत दत्तूने मला चहाच्या दुकानात नेलं आणि सगळं ओकून टाकलं. हकीकत अशी. आम्ही सहावीत असताना शाळेला दांडी मारून त्या खाणीच्या खड्ड्यात उतरलो होतो. पोहता दोघांनाही येत नव्हतं. काठ संपला, पाय सुटले, आणि आम्ही दोघे मिळून बुडायला लागलो. तेवढ्यात पाण्यात डुंबणारी कोणाची तरी म्हैस बाहेर निघाली. दत्तूने तिची शेपटी धरली, मी दत्तूची चड्डी. म्हैस आम्हाला ओढत काठावर आली, एकदा मागे वळून पाहिलं आणि चरायला गेली. झालं ते एवढंच.

दत्तूच्या घरात मात्र याची वेगळीच आवृत्ती चालू होती. तिच्यात म्हैस नव्हतीच. तिच्यात दत्तू होता, पट्टीचा पोहणारा. साहेबाचा मुलगा मुकुंद गटांगळ्या खात होता आणि दत्तूने उडी मारून त्याला केसांना धरून बाहेर काढलं.

"चेडू (पोरगी) ल्हान होता रे," तो म्हणाला. "पाण्याक भियायचा. तेका धीर येवचो म्हणान सांगलंय. मगे तेनी पोहूक शिकल्यान. आता हरमलाक जीवरक्षक म्हणान कामाक आसा. लोकांका बाहेर काढता. सगळ्यांका सांगता, 'माझ्या बाबांचा रक्त आसा.'" त्याने चहाचा पेला तसाच खाली ठेवला. "तेका कळला तर माझ्या तोंडाकडे बघूचा नाय. तू काय सांगू नको, मुकुंदा. तुझ्या पाया पडतंय."

मी शब्द दिला. माझ्या अब्रूचं फारसं काही जाणार नव्हतं. केस तसेही गेलेच आहेत.

घरी माझं स्वागत एखाद्या प्रदर्शनातल्या वस्तूसारखं झालं. शेजारीपाजारी बघायला आले. "हो तो बुडलेलो?" (हाच का तो बुडालेला?) असं एकमेकांना विचारून घेतलं. एका म्हातारीने माझं डोकं चाचपलं, दत्तूने नेमकं कुठे धरलं होतं ते बघायला. वहिनींनी बांगड्याचं हुमण (मासळीचं आमटीसारखं कालवण), तळलेले सुंगटे (कोळंबी) आणि सोलकढी वाढली. मी बुडल्याचं सार्थक झालं असं वाटण्याइतकं ते जेवण चांगलं होतं. दत्तू रंगात आला. खड्डा खोल झाला, वारा सुटला, मी तीनदा तळाशी गेलो. मी मान हलवत हुमण ओरपत राहिलो. सिद्धी तेवढी हसत नव्हती. ताटातल्या भातावर बोट फिरवत ती माझ्याकडे बघत होती.

नळाला पाणी होतं. साप नव्हता. कुत्रा होता, पण त्याला दात नव्हते.

सकाळी लवकर मी किनाऱ्यावर गेलो. रांपण ओढणारे लोक जाळं आवरत होते, खडकांजवळ एक परदेशी बाई डोक्यावर उभी होती आणि तिच्याकडे कावळ्यांखेरीज कोणाचंही लक्ष नव्हतं. लाल-पिवळ्या कपड्यांत सिद्धी जीवरक्षकांच्या टेहळणी बुरुजाच्या शिडीखाली बसली होती. मला पाहून उठली.

"काका, एक विचारू? बाबांना तेव्हा भीती वाटली नव्हती?"

"का गं?"

"गेल्या सीझनला एक माणूस ओढला गेला. मी गेले, त्याला काढला. वाचला तो." ती समुद्राकडेच बघत होती. "पण मध्येच त्याने मला मिठी मारली आणि दोघे खाली गेलो. तेव्हापासून गुडघ्याएवढ्या पाण्यापुढे जायलाही भीती वाटते. शिट्टी वाजली की दुसरं कोणी धावतंय का ते आधी बघते. बाबा लहान होते तरी भियाले नाहीत. मी शिकलेली असून भितेय. मला हे काम जमायचं नाही, काका. या महिन्यानंतर सोडतेय. घरी सांगितलं नाहीये."

माझा शब्द तिथल्या तिथे जड झाला. दत्तूला दिलेला शब्द मोडायचा, तर मित्र जाणार. पाळायचा, तर ही पोर एका न झालेल्या शौर्यापुढे स्वतःला भित्री ठरवून घरी बसणार. मी फार धीराचा माणूस नाही. पण मला तिच्या त्या भीतीचा राग आला, म्हणजे ती ज्याच्यामुळे तिला लाजिरवाणी वाटत होती, त्या गोष्टीचा.

"सिद्धी," मी म्हणालो, "त्या गोष्टीत एक म्हैस आहे."

सगळं सांगितलं. चड्डीसकट. ती आधी ऐकत राहिली, मग तोंडावर हात धरला, मग वाळूत बसून हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. मी तिथे उभा राहून खिशात रुमाल शोधत होतो. तो खोलीवर राहिला होता.

काम संपल्यावर ती घरी आली तेव्हा दत्तू विहिरीवर बांगडे साफ करत होता. मी ओट्यावर होतो. पळून जावं असं मनात आलं, पण स्कूटर दत्तूने आडवी लावली होती.

"बाबा," ती म्हणाली, "म्हशीचा नाव काय होता?"

दत्तूच्या हातातला बांगडा खाली पडला. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की देवाने माझं पोट बिघडवलं असतं तर बरं, असं मला वाटलं. मग तो लेकीकडे बघत राहिला. कान लालबुंद झाले.

"माका खय म्हायत," तो शेवटी पुटपुटला. "कोणाची होती कोण जाणे."

"भंय वाटला तुमका?"

"भंय?" दत्तू म्हणाला. "चड्डीत मुतलंय मी, बाय."

सिद्धीने खाली पडलेला बांगडा उचलला, धुतला, आणि बापाशेजारी बसून दुसरा कापायला घेतला. मी आत जाऊन वहिनींना चहा मागितला.

दोन दिवसांनी दत्तू मला म्हापशाला सोडायला आला. वाटेतला एकही खड्डा त्याने चुकवला नाही. मी म्हटलं, मैत्री गेली. दुसरं काही हाती लागलं नसेल, तरी उंडे बोटांनी खायला शिकलो, म्हणून मनाची समजूत घालत होतो. बस स्टँडवर त्याने माझी बॅग वर चढवली आणि खिडकीखाली उभा राहिला.

"फसवलंस माका," तो म्हणाला.

"हो."

"काल एका माणसाक काढल्यान सिद्धीन पाण्यातसून. घराक येवन सांगल्यान, 'बाबा, मी भियालंय.' असा माका तेनी आधी कधी सांगूक नाय." तो घसा खाकरला. "माका इचारल्यान, भियाल्यार काय करूचा? मी काय सांगतलंय? माका काय येता!"

"मग काय सांगितलंस?"

बस सुरू झाली. तो दोन पावलं बरोबर चालला.

"सांगलंय, भंय वाटला, पण शेपटी सोडूक नाय."